अकरावीच्या यादीतलं बारावं नाव

पांढुर्ण्यात पाटी लावून बसलेल्या डॉक्टरांपैकी तिघांना नत्थूजी सोमकुवर नावानं ओळखत नाहीत, नंबरानं ओळखतात. डॉक्टर गौतम म्हणजे नऊ. दातांचे डॉक्टर म्हणजे चौदा. बसस्टँडामागे हाडं बसवतात ते सोळा. गावात कुणाचं काही दुखलं की नत्थूजी ओट्यावरूनच सांगतात, “नऊ नंबरकडे जाय. हात हलका आहे त्याचा. सोळाकडे जाशील तं तुह्यं तू पाह्य. थो तवाही बेंडकापेक्षा घड्याळाकडेच जास्त पाहे.”

हे नंबर ट्रेचे. सौंसरच्या शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नत्थूजी चौतीस वर्षं परिचर होते. हुद्दा एवढासा, पण त्यांच्यावाचून वर्ग अडायचा, कारण बेडूक आणायचे ते. जुलै लागला की पहाटेच पोतं खांद्यावर टाकून जामसांवलीच्या रस्त्यावरच्या नाल्यात उतरायचे आणि शाळेची घंटा व्हायच्या आत चाळीस बेडूक टाकीत सोडून, हात धुऊन, केस विंचरून उभे राहायचे. मिश्रा सर दारातूनच विचारायचे, “नत्थू, मेंढक तैयार?” नत्थूजी म्हणायचे, “मेंढक तैयार है सर, लड़कों का देख लो.”

मग क्लोरोफॉर्मची बरणी, मेणाचे ट्रे, चार-चार टाचण्या. अर्ध्या वर्गाचे रुमाल नाकाला. फॉर्मालिनचा आणि ओल्या गोणपाटाचा तो मिसळलेला वास नत्थूजींना अजून कधी कधी भर उन्हात, ओट्यावर बसल्या बसल्या येतो. सून करुणा म्हणते, शेजारच्या गोठ्याचा असेल. नत्थूजी वाद घालत नाहीत.

ट्रे वाटायचं एक रजिस्टर होतं. तारीख, नाव, ट्रे नंबर, सही आणि शेवटी शेरा. त्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं ते कुणीच कधी सांगितलं नाही, तेव्हा नत्थूजींनी तो आपला मानला. मुलं कापत असताना ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि वर्ग सुटला की लिहायचे. नऊ नंबर: आधी हात धुतो, मग कापतो, मग पुन्हा धुतो. चौदा: बोलते फार, पण कापते नीट. सोळा: घड्याळ. एकवीस: बेडकाकडे पाहत नाही, बाविसाकडे पाहतो. एकवीस आणि बावीस यांचं पुढे लग्न झालं. दोघंही डॉक्टर झाले नाहीत, पण शेरा खोटा ठरला असं कुणी म्हणू शकत नाही.

पुढे बेडूक कापणं बंद झालं. भिंतीवर तक्ते आले, मग संगणकावर चित्रं आली. नत्थूजी निवृत्त झाले तेव्हा ते रजिस्टर रद्दीत निघालं होतं. ते त्यांनी विचारून, पिशवीत घालून घरी आणलं. शेऱ्याच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, असं ते सांगतात. एक नाव सोडलं तर ते खरं आहे. त्या नावाकडे पुढे येऊच.

यंदाच्या जूनमध्ये नातीचा, सायलीचा, दहावीचा निकाल लागला. शहाऐंशी टक्के, विज्ञानात त्र्याण्णव. डॉक्टर व्हायचं हे तिनं सातवीतच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरात प्रश्न फक्त अकरावीच्या फॉर्मचा होता. हिंदी, इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो. सहावा रकाना जास्तीच्या विषयाचा. वडील मोरेश्वर गावातच शेतातल्या मोटारींचं वाइंडिंग करतो. त्याचं म्हणणं, गणितही घेऊन ठेव.

“डॉक्टर नाही झाली तं इंजिनेर तरी होशील,” तो म्हणाला.

“दोन्ही घेतलं तं दोन्ही नाही होनार, बाबा,” सायली म्हणाली. “तुमी एका मोटारीवर दोन माप्पाचे तार गुंडाळता का?”

मोरेश्वरला हा दाखला पटला. सहावा रकाना मोकळा ठेवायचं ठरलं. घरातलं इतकं मोठं काम इतक्या झटपट उरकलेलं पाहून नत्थूजींना शंका यायला हवी होती. ती आली नाही. फॉर्म द्यायला सायलीसोबत ते स्वतः धुतलेला सदरा घालून शाळेत गेले.

शाळा गावातलीच, सरकारी, बारावीपर्यंत. प्राचार्या शीतल मॅडम लोधीखेड्याच्या, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. फॉर्म घेऊन त्यांनी तो बाकीच्या फॉर्मांवर ठेवला नाही, वेगळा ठेवला.

“नत्थूजी काका, बायोले यंदा सातच नावं आली,” त्या म्हणाल्या. “बायोचे सर गेल्या वर्षीच बदलून गेले. अतिथी शिक्षक मागायचा तं बारा तरी नावं पाह्यजेत. कमी असले तं मी वर काय तोंड दाखवू? शनिवारपर्यंत वाट पाहते. नाही तं मग यांना आर्ट्स देईन.”

“आन् जिले आर्ट्स नाही पाह्यजे?”

“पांढुर्णा आहे ना.”

पांढुर्णा होतं, पण एसटीसारखी धावणारी एकच खासगी बस होती. ती सकाळी आठला जायची आणि दुपारी तीनला परतायची. तिथली शाळा साडेचारला सुटते. सायलीनं हा हिशेब मॅडमच्या टेबलासमोरच मांडला आणि मॅडमनी मान हलवली, म्हणजे तो त्यांनाही माहीत होता.

घरी येईपर्यंत करुणाच्या बहिणीचा, कमलचा, नागपूरहून फोन येऊन गेला होता. कमलनं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. सायलीनं तिच्याकडे राहायचं, तिकडच्याच कॉलेजात नाव, सकाळ-संध्याकाळ क्लास. करुणा अंगणवाडीत काम करते, चार शब्द कमी बोलते. तिनं एवढंच सांगितलं, “शनिवारी नाही झालं तं रविवारी सायलीले घेऊन ये म्हनते कमल.”

नत्थूजींनी लगेच विरोध नोंदवला. विरोधाचं कारण त्यांच्याकडे अगदी कागदोपत्री होतं. सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी मध्यप्रदेशात डॉक्टरकीच्या काही जागा राखून ठेवतात. सायलीची पाच वर्षं भरली, दोन राहिली. नागपूरला गेली की ती पाचही गेली.

“आन् तिकडचे काय म्हनतील? दहावी मध्यप्रदेशची, तू तिकडची. इकडचे म्हनतील, बारावी महाराष्ट्राची, जाय तिकडेच. नदीच्या मधात उभी राहील पोट्टी. आपल्या भागातले किती पोट्टे असे मधात उभे राहिले, मले विचारा.”

हे कारण खरं होतं, आणि मोजलं तर वजनदारही होतं. पण त्याच्या मागे आणखी एक होतं, ते नत्थूजींनी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही. सायली रोज दुपारी शाळेतून येऊन त्यांच्या खाटेवर उताणी पडायची, आणि त्या दिवशी वर्गात काय झालं ते छताकडे पाहत सांगायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला दिवसातून एकदा कुणीतरी काही सांगणारं असलं, तर तेवढ्यावर बाकीचे तेवीस तास जातात.

सोमवार होता. शनिवारपर्यंत पाच नावं हवी होती. मंगळवारी सकाळी नत्थूजी टोपी घालून निघाले.

गाव त्यांनी तसंही कधी नजरेआड केलं नव्हतं. डिंपल, नहरापलीकडच्या वस्तीतली, तिच्या आईनं सांगितलं की ती आर्ट्स घेतेय. नत्थूजी म्हणाले, “तुह्या घरापुढून पोट्टे लंगडत येतात आन् नीट चालत जातात, थे काहून?” आई हसली. डिंपल काटा काढायची. बाभळीचा, बोरीचा, कसलाही. माणसाचा, शेळीचा. सुई चुलीवर तापवून घ्यायची, हे नत्थूजींनी मागच्या वर्षीच पाहून ठेवलं होतं.

“थे काटे काढनं वेगळं, डॉक्टरी वेगळी,” डिंपल म्हणाली.

“डॉक्टरीचं कोन बोलून राहिलं? म्या बायो म्हनतलं. नर्सिंग आहे, लॅबवाले आहेत. फी भरून आर्ट्स शिकाव आन् फुकटात काटे काढाव, असं तुले वाट्टे का?”

आठ झाले.

स्वप्निल मित्राच्या मागे आर्ट्सला निघाला होता. नत्थूजींनी मित्रालाच गाठलं आणि दोघंही आणले. दहा. अकरावं नाव जंगल खात्यातल्या एका चौकीदाराच्या मुलीचं, तिला बायोच हवं होतं, पण वर्ग उघडणार नाही हे ऐकून तिनं फॉर्मच भरला नव्हता. नत्थूजींनी तिच्यासमोर बसून भरून घेतला. या चार नावांबद्दल त्यांचं मन साफ होतं. त्यांच्या जुन्या भाषेत, चारही हातांवर त्यांनी सही केली असती.

अडलं ते बाराव्यापाशी. बुधवार गेला, गुरुवार अर्धा गेला. गावात दहावी पास होऊन अजून फॉर्म न दिलेलं एकच पोर उरलं होतं: रघुनाथरावांचा कुणाल.

रघुनाथरावांचा संत्र्याचा बगीचा, आठशे झाडं. कुणाल त्या बगीच्यात लहानाचा मोठा झाला. कुठल्या झाडाला डिंक्या रोग लागला ते तो बापाच्या आधी ओळखायचा. त्याला कृषी घ्यायची होती. तो विषय गावच्या शाळेत नव्हता, पांढुर्ण्याला होता, आणि बाप पाठवायला तयार नव्हता. बापाच्या मनात वेगळंच होतं, स्वतःची हुकलेली डॉक्टरकी, आणि ते नत्थूजींना पस्तीस वर्षांपासून माहीत होतं. नव्वद साली रघुनाथराव सौंसरला मामाकडे राहून शिकले होते. ट्रे नंबर तेवीस.

गुरुवारी संध्याकाळच्या आधी नत्थूजी बगीच्यात पोचले तेव्हा रघुनाथराव पाइप जोडत होते.

“या नत्थूजी. तुमचा फेरा कानावर आला. माह्याकडे काहून उशीर केला?”

“मोठ्या मानसाकडे शेवटी याव लागते.”

“कुणालचं पाहता? थो कृषी म्हनते. म्या म्हनतो, कृषी तं घरीच आहे, शाळेत काय शिकाची? पन थ्याले बायो झेपन का?” रघुनाथरावांनी हात पुसले. मग पाइपाकडे पाहत विचारलं, “तुमाले तं सगळ्याईचं आठवते म्हनतात. माह्यं काय होतं गा? म्या कसा कापत होतो?”

रजिस्टरात तेवीस नंबरापुढे लिहिलेलं नत्थूजींना पाठ होतं. “हात थरथरतो. दोनदा बाहेर जाऊन ओकला. तिसऱ्यांदा परत आला नाही.” पावसाळी दिवस होता, मिश्रा सर रागावले होते, आणि उरलेला बेडूक नत्थूजींनीच आवरला होता.

“तुमचा हात हलका होता,” नत्थूजी म्हणाले. “मिश्रा सर म्हनत, ये लड़का आगे जाएगा.”

रघुनाथरावांनी पाइप खाली ठेवला. पन्नाशीतल्या माणसाचा चेहरा असा एकदम सोळा वर्षांचा होताना नत्थूजींनी क्वचित पाहिला होता. “मले वाटेच,” ते म्हणाले. “बाप आजारी पडला, म्हून सुटलं. नाही तं...” घरात जाऊन त्यांनी कुणालच्या फॉर्मवर सही केली आणि बायोपुढे स्वतःच्या हातानं खूण केली.

बारा झाले. परतताना नत्थूजींना वाटेत बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचंच थोडं नवल वाटत होतं. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला खोटा शेरा दिला नव्हता. म्हणजे, तोंडी नव्हता दिला.

शुक्रवारी दुपारी कुणाल आला. मोरेश्वर जेवायला घरी आला होता, ताटावर बसला होता. सायली नेहमीच्या जागी, आबांच्या खाटेवर. कुणाल उंबऱ्याशी चप्पल काढून उभा राहिला.

“आबा, बाबा म्हनतात त्याईचा हात हलका होता. काल संध्याकाळपासून येईल त्याले तेच सांगून राहिले.”

“हाव, मंग?”

“मंग मी काही म्हनत नाही. मी बायो घेतो. पन मले एकडाव लिहलेलं पाहू द्या. मले काही जमत नसते ना आबा, तं बाबा म्हनतात, तुह्या वयाचा असताना म्या असं केलं. तं आता हे बी. पाहून घेतलं म्हंजे मी मानून घेईन.”

तो भांडायला आला नव्हता. तो मानून घ्यायला आला होता, आणि नत्थूजींना तेच जड गेलं. सायलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं उठून कपाटावरची पिशवी काढली, रजिस्टर कुणालच्या हातात दिलं आणि म्हणाली, “आमच्या आबाईचं सगळं लेखी राह्यते.”

कुणाल पानं उलटू लागला. नव्वदऐवजी त्यानं आधी मागची बाजू उघडली, शहाण्णव-सत्त्याण्णवची. तिथे त्याला ओळखीचं नाव दिसलं.

“मोरेश्वर काका, तुमचं आहे. ट्रे नंबर पाच. ‘हात हलका. मन लावून कापतो. पुढे जाईल.’”

मोरेश्वरचा घास हातातच राहिला. मग तो हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला.

“माह्यं? बाबा, म्या तं थो बेंडूक सोडून देल्ला होता. खिडकीतून, नालीत. ट्रे रिकामा होता माहा. तुमी बरनी धुऊन राहिले होते.”

“म्या पाह्यलं होतं,” नत्थूजी म्हणाले.

मोरेश्वरनं घास ताटात ठेवला.

तेच ते नाव, ज्याची त्यांनी शेऱ्यात भीड ठेवली होती. मुलाला अकरावीत बायो नत्थूजींनीच घ्यायला लावलं होतं. प्रयोगशाळेतल्या परिचराचा मुलगा त्याच प्रयोगशाळेतून डॉक्टर होऊन निघतो, हे चित्र त्यांनी मुलगा चालायला लागल्यापासून पाहून ठेवलं होतं. त्या दिवशी सगळ्या वर्गात एकच ट्रे रिकामा होता, आणि नत्थूजींनी घरी दाखवायला, बायकोला दाखवायला, स्वतःला दाखवायला तो शेरा लिहिला. मोरेश्वर बारावीला बायोत दोनदा नापास झाला. त्याच दोन वर्षांत तो शाळेमागच्या वाइंडिंगच्या दुकानात बसून हात काळे करायचा आणि घरी यायच्या आधी रॉकेलनं पुसायचा. त्या रॉकेलचा वासही नत्थूजींना यायचा. त्याबद्दल त्यांनी कधी काही लिहिलं नाही.

“म्हंजे तुमाले मालूम होतं,” मोरेश्वर म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती जुनी बेरीज पुन्हा करून पाहिल्यासारखं. “मले वाटे, माह्या बापाले दिसत नाही. दोन वर्सं म्या त्याच विचारात काढले, का यायले कसं सांगू.”

“सांगतलं असतं तं?”

“तं तुमी ऐकलं असतं का?”

खरं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. करुणानं नवऱ्याच्या ताटात भाजी वाढली, त्याला ती नको होती तरी त्यानं घेतली.

कुणाल रजिस्टर मिटून परत द्यायला लागला. त्याला वाटलं, आपण भलत्या घरच्या गोष्टीत पाय ठेवला. नत्थूजींनी ते घेतलं, चष्मा लावला, नव्वद सालचं पान स्वतः काढलं आणि बोट ठेवून त्याच्यापुढे धरलं. तेवीस नंबर.

कुणालनं वाचलं. दोनदा वाचलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं, पण त्याच्या जवळचं काहीतरी होतं.

“दोनदा?” त्यानं विचारलं.

“दोनदा. तिसऱ्या टाइमले आलाच नाही. बापाले हे सांगू नोको. सांगाचं असन तं म्याच सांगतो. तुले काय पाह्यजे, कृषी ना?”

“हाव. पन सायलीचं मंग बारावं नाव...”

सायली खाटेवर उठून बसली होती. आजोबांनी बारावं नाव कसं मिळवलं ते तिला आता कळलं. तिनं आधी कुणालकडे पाहिलं, मग बापाकडे.

“काढून टाका आबा,” ती म्हणाली. मग, अगदी लहान आवाजात, “नागपूरले मावशीच्या घरी पंखा तं चांगला आहे.”

बगीच्यात जाऊन रघुनाथरावांना खरं सांगणं हे नत्थूजींच्या चौऱ्याहत्तर वर्षांतलं सर्वांत लांबचं चालणं होतं. रघुनाथरावांनी पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “मंग काल काहून सांगतलं तसं?”

“नात जाऊन राहिली होती म्हून.”

“आन् माह्यं पोट्टं काय, यादी भरासाठी होतं?”

रघुनाथराव आत निघून गेले. दार लावलं नाही, पण या, बसा असंही म्हटलं नाही. त्या घराचा चहा नत्थूजींना मिळाला नाही. आजही मिळत नाही.

शनिवारी शाळेत अकरा घरचे लोक जमले होते. नत्थूजींनी घरोघर फिरून सगळ्यांना पेटवून ठेवलं होतं, त्यामुळे वर्ग उघडतो की नाही ते पाहायला आया-बाया स्वतः आल्या होत्या, कामाचे दिवस असून. शीतल मॅडमनी यादी मोजली.

“अकरा.”

“अकरा,” नत्थूजी म्हणाले.

मॅडमनी पेन टेकवून जरा विचार केला. बाई वाईट नव्हत्या, फक्त कागदावर जगणाऱ्या होत्या. “कोन्याही एकाचं नाव टाका ना, काका. दोन महिन्यांनी विषय बदलून देऊ. तोवर सर येऊन जातील.”

गुरुवारचे नत्थूजी असते तर त्यांनी तोवर नाव सुचवलंही असतं. आज त्यांनी यादीकडे पाहिलं आणि म्हणाले, “नाही मॅडम. कोनी एक नसते. नाव असलं का थे पोट्टं असते.”

“मग मी काय करू? बारा नाही तं मला मागता येत नाही.”

व्हरांड्यात गोंधळ सुरू झाला. डिंपलची आई म्हणाली, आता आर्ट्सच द्या. स्वप्निलचा बाप म्हणाला, नत्थूजींच्या नादी लागून आठवडा गेला. जंगल खात्यातला चौकीदार मुलीचा फॉर्म घडी करून खिशात ठेवू लागला. सायली खांबाला टेकून उभी होती आणि आजोबांकडे पाहायचं टाळत होती.

तेव्हा करुणा बोलली. अंगणवाडीत तीस पोरांना रांगेत बसवायची सवय होती, आवाज मोठा करावा लागला नाही.

“पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत बायो आहे. एका पोरीसाठी बस थांबत नाही, म्हून आपुन कोनी धाडत नाही. पन इथे एक पोरगी कुठी आहे? अकरा आहेत. अकरा पोरांसाठी मॅजिक गाडी लागू शकते. सकाळी नेईल, साडेचारनंतर आनेल. माह्या अंगणवाडीच्या समोरच्या घरचा राजू चालवते, त्याले विचारून पाहू.”

एवढं ती बहुधा वर्षभरात एका दमात बोलली नव्हती. जो तो आपल्याच डोक्यात हिशेब करू लागला. डिंपलच्या आईनं विचारलं, “सगळे जाऊन राहिले तं पोट्टी एकटी नाही ना राहनार?” “नाही,” करुणा म्हणाली. “सायली राहील तिच्यासोबत.” डिंपलच्या आईला एवढंच हवं होतं. एका घरानं हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणायला कारण शोधावं लागलं, आणि इतक्या लोकांसमोर ते कुणाला सापडलं नाही. चौकीदारानं फॉर्म खिशातून पुन्हा बाहेर काढला.

शीतल मॅडमनी अकराही मुलांचे दाखले त्याच दिवशी लिहून दिले. सरकारी शाळेतून सरकारी शाळेत, म्हणून नत्थूजींचं कागदोपत्री कारणही शाबूत राहिलं. दाखले लिहिताना मॅडम म्हणाल्या, “काका, माझ्या शाळेचे अकरा पोरं नेले तुम्ही.”

“तुमी एक नाव कमी मागतलं असतं तं नसते नेले,” नत्थूजी म्हणाले. मॅडम हसल्या. त्यात न हसण्यासारखंही होतं, पण हसल्या.

मागच्या सोमवारपासून राजूची मॅजिक सकाळी साडेनऊला चौकात उभी राहते. पहिल्या दिवशी नत्थूजी पोचवायला गेले. मुलं चढली, आणि सवयीनं त्यांनी मोजली. बारा निघाली. राजूच्या शेजारी, पुढच्या सीटवर, कुणाल बसला होता. कृषीची पुस्तकं मांडीवर. बापानं जा म्हटलं नव्हतं. पण थांब असंही म्हटलं नव्हतं, आणि बगीच्याचं फाटक सकाळी स्वतः उघडून ठेवलं होतं, असं कुणालनं सांगितलं.

गाडी गेली. दुपारी घर इतकं शांत होतं की नत्थूजींनी खाट दोनदा सावलीत सरकवली, कुणी झोपायचं नसताना. मोरेश्वर जेवायला आला. जेवल्यावर तो लगेच दुकानाकडे गेला नाही. सायलीच्या जागी, खाटेच्या पायथ्याशी बसला.

“आज एक सबमर्सिबल मोटार आली, पूरी जळलेली,” तो म्हणाला. “उघडली तं आत काय निंघालं सांगा.”

नत्थूजींनी पाय आखडून घेतले आणि त्याला टेकायला जागा केली. मुलगा त्यांना मोटारीच्या आतलं सांगू लागला, कुठलं वेटोळं जळतं, कुठलं वाचतं, तार किती माप्पाची, हात किती हलका लागतो. पंचेचाळीस वर्षांच्या या माणसाचं काम नत्थूजींनी आजवर कधी बसून ऐकलं नव्हतं. त्यातलं निम्मं त्यांना कळलं नाही. सायली पावणेसहाला आली तोवर ते ऐकत होते.